निनावी वाटा आणि संशोधकाची ओळख : संगणकीय संहितासंकलनातील एक प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासाची साधने आता छापील पानापुरती मर्यादित राहिलेली नाहीत. शब्दांची वारंवारिता, शुद्धलेखनातील बदल, समीक्षेच्या परिभाषेचा प्रसार, एखाद्या बोलीचे लिखित रूप अशा विषयांवर काम करणाऱ्या अभ्यासकाला संकेतस्थळांवरील हजारो पाने एकत्र करावी लागतात. ती हाताने उतरवून घेणे अशक्य असल्याने त्यासाठी एक छोटी आज्ञावली लिहिली जाते. ही आज्ञावली एकामागून एक विनंत्या पाठवते, आलेले पान साठवते आणि पुढच्या पानाकडे वळते. विनंत्यांची संख्या वाढली की संकेतस्थळ त्या संगणकाचा आयपी पत्ता अडवते. अशा वेळी एक उपाय हमखास सुचवला जातो : विनंत्या 'टॉर' या निनावी जाळ्यातून पाठवाव्यात आणि दर थोड्या वेळाने पत्ता बदलत राहावे.

हा उपाय तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. परंतु त्यातून नेमके काय लपते, काय उघडे राहते आणि त्याची किंमत कोण मोजते, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार केला आहे. त्यातून निष्पन्न होणारा मुद्दा असा की, निनावी जाळ्यातील प्रत्येक पत्ता अनेकांनी मिळून वापरलेला असतो. तो भराभर बदलणारा संशोधक स्वतःचे नाव वाचवताना इतरांची पत खर्च करीत असतो.

२. नाव, टोपणनाव आणि निनावीपणा

या विषयाच्या मुळाशी असलेला भेद मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात शतपत्रे लिहिली ती 'लोकहितवादी' या नावाने. राम गणेश गडकरी यांनी कवितेसाठी 'गोविंदाग्रज' आणि विनोदी लेखनासाठी 'बाळकराम' अशी दोन वेगळी नावे घेतली. वि. वा. शिरवाडकर कवितेत 'कुसुमाग्रज' झाले, नाटकात मात्र स्वतःच्या नावानेच वावरले. टोपणनावाचे वैशिष्ट्य असे की ते स्थिर असते. वाचक त्या नावाशी वाद घालू शकतो, त्याला उत्तर मागू शकतो आणि कालांतराने त्या नावाभोवती बरीवाईट पत जमा होते. निनावी पत्रकाच्या वाट्याला हे काहीच येत नाही. त्याला भूतकाळ नसतो आणि त्याच्या पुढच्या वर्तनाची हमीही कोणी देत नाही.

आयपी पत्ता हा या दोहोंपेक्षा वेगळा आहे. तो मुळात नाव नसून संदेश परत कोठे पाठवायचा याची खूण आहे. एका वसतिगृहातील शेकडो विद्यार्थी बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून आलेले दिसू शकतात. उलट एकाच व्यक्तीला एका दिवसात अनेक पत्ते मिळू शकतात. तरीही संकेतस्थळाकडे ओळखीचे दुसरे साधन नसल्यामुळे पत्त्यालाच नावाचे काम करावे लागते. चांगले वागणाऱ्या पत्त्याला वाट मिळते आणि त्रास देणारा पत्ता अडवला जातो. पत्ता बदलण्याचे सारे तंत्र या व्यवहारावर आधारलेले आहे.

३. टॉरची घडण

संदेश कोणी कोणाला पाठवला हे लपवण्याचा प्रश्न डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्ये एका शोधनिबंधात मांडला. संदेश मध्यस्थ संगणकांमधून फिरवला आणि प्रत्येक टप्प्यावर कूटबद्धतेचा एक थर काढला, तर कोणत्याही एका मध्यस्थाला पूर्ण मार्ग कळणार नाही, ही त्यांची मूळ कल्पना होती. पुढे अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत पॉल सायव्हरसन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास याच दिशेने 'ओनियन राउटिंग' ही पद्धती विकसित केली. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर हे या नावामागचे रूपक आहे. रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांच्यासह सायव्हरसन यांनी पुढे टॉरची रचना केली. २००२ मध्ये हे जाळे सुरू झाले, २००४ मध्ये त्याचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध झाले आणि २००६ मध्ये 'टॉर प्रोजेक्ट' ही ना-नफा संस्था स्थापन झाली.

या जाळ्यातील मध्यस्थ संगणकांना 'रिले' म्हणतात. ते जगभरातील स्वयंसेवकांनी आणि संस्थांनी चालवलेले असतात. वापरणाऱ्याचा संगणक सामान्यतः तीन रिले निवडून एक मार्ग आखतो. पहिल्या रिलेला पाठवणाऱ्याचा खरा पत्ता माहीत असतो, पण तो कोणत्या संकेतस्थळाकडे चालला आहे हे माहीत नसते. तिसऱ्या, म्हणजे निर्गमावरच्या रिलेला संकेतस्थळ माहीत असते, पण पाठवणारा माहीत नसतो. मधल्या रिलेला केवळ आपले दोन शेजारी ठाऊक असतात. संकेतस्थळाला विनंती निर्गम-रिलेच्या पत्त्यावरून आलेली दिसते.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. निर्गम-रिले वारंवार बदलत असला, तरी प्रवेशाचा रिले मुद्दाम कित्येक आठवडे किंवा महिने एकच ठेवला जातो. पहिला आणि शेवटचा हे दोन्ही रिले एकाच पाळत ठेवणाऱ्याच्या हाती असतील, तर तो वेळांची तुलना करून पाठवणारा व संकेतस्थळ यांची सांगड घालू शकतो. प्रवेश-रिले दर वेळी नव्याने निवडला, तर केव्हातरी अशी वाईट जोडी पदरी पडणे जवळजवळ अटळ ठरते. म्हणजे सतत बदल हा सुरक्षिततेचा समानार्थी शब्द नाही, हे टॉरच्या रचनेतच गृहीत धरलेले आहे. जाळ्यातील एक टोक स्थिर राहते म्हणून दुसरे टोक बदलू शकते.

४. आज्ञावली आणि बदलता पत्ता

टॉरची प्रणाली संगणकावर सुरू असताना ती सामान्यतः ९०५० क्रमांकाच्या स्थानिक द्वारावर 'सॉक्स' या पद्धतीने विनंत्या स्वीकारते. आज्ञावलीने आपल्या विनंत्या थेट बाहेर न पाठवता या द्वारातून पाठवायच्या असतात. यात होणारी नेहमीची चूक संकेतस्थळाच्या नावासंबंधी असते. नावावरून पत्ता शोधण्याचे काम आज्ञावलीने स्वतःच नेहमीच्या मार्गाने केले, तर पान जरी टॉरमधून आले, तरी कोणत्या संकेतस्थळाची चौकशी झाली हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला कळतेच. म्हणून नावाचा शोधही टॉरच्याच स्वाधीन करावा लागतो.

पत्ता बदलण्यासाठी वेगळे नियंत्रण-द्वार वापरले जाते. ते आरंभी बंद असते. ते उघडून त्याला संकेतशब्दाचे किंवा अन्य संरक्षण द्यावे लागते आणि रूढीने त्याचा क्रमांक ९०५१ असतो. पायथन भाषेत या द्वाराशी बोलण्यासाठी 'स्टेम' हा आज्ञासंच उपलब्ध आहे. त्यातून 'न्यूनिम' हा संकेत पाठवला की टॉर पुढील जोडण्यांसाठी नवा मार्ग वापरू लागते. या संकेताविषयी तीन मर्यादा सांगितल्या पाहिजेत. एक, आधीपासून उघडी असलेली जोडणी जुन्याच मार्गाने चालू राहते, त्यामुळे आज्ञावलीने ती बंद करून नवी उघडली नाही तर पत्ता बदललेला दिसत नाही. दोन, मार्ग नवा असला तरी निर्गम-रिले तोच निघू शकतो. तीन, हा संकेत पाठोपाठ दिल्यास टॉर तो काही सेकंद थोपवून धरते, कारण प्रत्येक नव्या मार्गाचा भार स्वयंसेवकांच्या रिलेवर पडतो. संकेत न देताही सुमारे दहा मिनिटे वापरलेला मार्ग नव्या जोडण्यांसाठी आपोआप बाजूला ठेवला जातो.

याखेरीज एक अधिक नेटकी सोय आहे. सॉक्स द्वाराशी जोडताना वेगवेगळी वापरनावे दिली, तर टॉर त्या प्रत्येकासाठी वेगळा मार्ग ठेवते. 'गोविंदाग्रज' आणि 'बाळकराम' यांची टपाले एकाच पिशवीत जाऊ नयेत, असाच हा प्रकार आहे. दोन स्वतंत्र कामे परस्परांशी जोडली जाऊ नयेत हा या सोयीचा हेतू आहे.

५. पत्ता बदलूनही जे बदलत नाही

निनावीपणा हा पत्त्याचा गुण नसून गर्दीचा गुण आहे. एकसारख्या दिसणाऱ्या अनेकांमध्ये एक असणे म्हणजे निनावी असणे होय. टॉर ब्राउझर हे तत्त्व पाळतो आणि आपले सर्व वापरणारे शक्य तितके सारखे दिसावेत असा प्रयत्न करतो. अभ्यासकाने लिहिलेली आज्ञावली मात्र ब्राउझरसारखी दिसत नाही. तिच्या विनंतीसोबत जाणारे परिचयपत्र, त्यातील ओळींचा क्रम, जवळ बाळगलेल्या कुकीज, दोन विनंत्यांमधील ठरावीक अंतर आणि क्रमाने वाढत जाणारे पृष्ठांक हे सर्व पत्ता बदलल्यावरही तसेच राहते. शंभर वेगवेगळ्या पत्त्यांवरून एकच हात पाने मागत आहे, हे नोंदवही चाळणाऱ्याला सहज कळते.

मराठी अभ्यासकाच्या बाबतीत या मुद्द्याला आणखी एक बाजू आहे. ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत वाचकाची पसंतीची भाषा कळवतो. इंग्रजी पाने मागणाऱ्यांची गर्दी मोठी असते. मराठीला प्रथम पसंती देणारा, जर्मनीतील निर्गम-रिलेवरून येणारा आणि ओळीने मराठी पानेच मागणारा वाचक त्या गर्दीत एकटा पडण्याची शक्यता पुष्कळ असते. टॉर ब्राउझर इंग्रजीखेरीज अन्य भाषा निवडणाऱ्याला इंग्रजी पाने मागण्याचा पर्याय देतो, त्याचे कारण हेच आहे. ज्या भाषेचे वाचक जाळ्यात थोडे, तिच्या वाचकाला मिळणारा आडोसाही अपुरा.

गर्दी विरळ असल्याचा परिणाम २०१३ च्या डिसेंबरात हार्वर्ड विद्यापीठात दिसून आला. परीक्षेच्या दिवशी बाँबची खोटी धमकी टॉरमधून ई-पत्राने पाठवली गेली. टॉरची कूटबद्धता कोणी फोडली नाही. त्या सुमारास विद्यापीठाच्या बिनतारी जाळ्यातून टॉर कोणी वापरले होते, एवढे पाहून तपास संबंधित विद्यार्थ्यापर्यंत पोचला.

खुद्द मजकूरही ओळख पटवतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये एओएल कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरणाऱ्यांचे शोधशब्द संशोधनासाठी खुले केले. नावांच्या जागी क्रमांक घातले होते. तरीही केवळ शोधशब्दांवरून एका क्रमांकामागची व्यक्ती वृत्तपत्राने काही दिवसांतच शोधून काढली. साहित्यसंशोधनात याला जुना आधार आहे. १७८७-८८ मध्ये 'पब्लियस' या नावाने प्रसिद्ध झालेल्या 'फेडरलिस्ट' निबंधांपैकी बारा निबंधांचे कर्तृत्व वादग्रस्त होते. फ्रेडरिक मोस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस यांनी १९६४ मध्ये साध्यासुध्या, लेखकाचे लक्षही जाणार नाही अशा शब्दांची वारंवारिता मोजून ते मॅडिसनच्या बाजूने निकालात काढले. लेखकाची खूण जशी त्याच्या अव्ययांत राहते, तशी आज्ञावलीची खूण तिच्या लयीत राहते.

शेवटी, निर्गम-रिले काय पाहू शकतो हेही ध्यानात घ्यावे लागते. रिलेपासून संकेतस्थळापर्यंतचा अखेरचा टप्पा टॉरच्या आवरणाबाहेर असतो. संकेतस्थळाची स्वतःची कूटबद्धता नसेल, तर रिले चालवणारा मजकूर वाचू शकतो. डॅन एगरस्टॅड या स्वीडिश तज्ज्ञाने २००७ मध्ये निर्गम-रिले चालवून अनेक वकिलाती व सरकारी कार्यालयांच्या ई-पत्रखात्यांचे संकेतशब्द मिळवले आणि ते जाहीर केले. त्यांत भारतीय वकिलातींचीही खाती होती. आपण निनावी आहोत म्हणजे आपला मजकूर गुप्त आहे, हा समज त्यामुळे उघडा पडला.

६. किंमत कोणाच्या खाती

आता तिसरा प्रश्न. पत्ता अडवला जाणे हा केवळ आज्ञावलीसमोरचा अडथळा असतो का? याचे उत्तर देणारी एक घटना साहित्य व मानव्यविद्यांच्या अभ्यासकांना परिचित असलेल्या 'जेस्टोर' या नियतकालिक-संग्रहाच्या बाबतीत घडली. २०१० च्या सप्टेंबरात एरन स्वार्ट्झ यांनी एमआयटीच्या जाळ्याला संगणक जोडून आज्ञावलीने तेथील लेख उतरवून घेण्यास प्रारंभ केला. येथे टॉरचा संबंध नव्हता, पण पत्ता बदलण्याचे तत्त्व तेच होते. जेस्टोरने पत्ता अडवला, तेव्हा दुसरा पत्ता घेतला गेला. तोही अडवल्यावर संगणकाचा यंत्रक्रमांक बदलण्यात आला. अडवणुकीचे क्षेत्र प्रत्येक वेळी रुंदावत गेले आणि ऑक्टोबरमध्ये जेस्टोरने काही दिवस संपूर्ण एमआयटीचा प्रवेश बंद केला. त्या दिवसांत संदर्भ शोधणाऱ्या अध्यापकांचा आणि विद्यार्थ्यांचा या प्रकरणाशी काहीही संबंध नव्हता. लेखांची संख्या काही लाखांच्या घरात गेली. जानेवारी २०११ मध्ये स्वार्ट्झ यांना अटक झाली, जुलैमध्ये त्यांच्यावर आरोपपत्र दाखल झाले आणि खटला चालण्यापूर्वीच ११ जानेवारी २०१३ रोजी त्यांनी आत्महत्या केली. ज्ञान मुक्त असावे की नाही आणि या प्रकरणातील सरकारी कठोरता कितपत समर्थनीय होती, यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत संदर्भात लक्षात घ्यायची बाब मर्यादित आहे : पत्ता सामाईक असतो, तेव्हा शिक्षाही सामाईक होते.

टॉरमध्ये ही सामाईकता पराकोटीला पोचते. निर्गम-रिलेंची यादी जाहीर असते. ज्याला त्यांचा उपद्रव वाटेल त्याला ते सर्व एकदम अडवता येतात. विकिपीडियाने टॉरमधून वाचन खुले ठेवले असले, तरी संपादन सामान्यतः बंद ठेवले आहे. अन्य अनेक संकेतस्थळे टॉरच्या वाचकासमोर मानवी असल्याचे पुरावे मागणारी कोडी उभी करतात. ही कोडी उभी राहण्यास कारण ठरतात त्या मुख्यतः आज्ञावल्यांच्या विनंत्या, आणि ती सोडवावी लागतात ज्यांना टॉरखेरीज दुसरी वाट नाही त्यांना : बंदी असलेल्या देशातील वाचकाला, आपला माहितीस्रोत जपणाऱ्या पत्रकाराला, घरातील छळाविरुद्ध मदत शोधणाऱ्या स्त्रीला. संशोधकाच्या संग्रहात पडलेल्या दहा हजार पानांमागे अशा वाचकांची अडलेली वाट असू शकते.

७. संहितासंग्रहाची विश्वसनीयता

नैतिक आक्षेप क्षणभर बाजूला ठेवला, तरी संशोधनपद्धतीचा आक्षेप उरतोच. निर्गम-रिले बदलला की देश बदलतो आणि देशागणिक संकेतस्थळ निराळे पान देऊ शकते. एकाच संग्रहातील दोन पाने मग तुलनेस योग्य राहत नाहीत. अडवल्याची सूचना किंवा कोड्याचे पान हेही आज्ञावली निमूटपणे मजकूर म्हणून साठवते आणि शब्दांच्या वारंवारितेत ते शब्द मिसळतात. संकेतस्थळाचे उत्तरक्रमांक म्हणूनच नोंदले पाहिजेत. ४०३ म्हणजे प्रवेश नाकारला. ४२९ म्हणजे विनंत्या फार झाल्या, थांबावे. २०१६ मध्ये प्रमाणित झालेला ४५१ म्हणजे कायदेशीर कारणाने मजकूर रोखलेला आहे. हा क्रमांक रे ब्रॅडबरी यांच्या 'फॅरनहाइट ४५१' या पुस्तकजाळणीविषयक कादंबरीवरून घेतला आहे. हस्तलिखिताच्या संपादनात कोणती प्रत, कोठून व केव्हा मिळाली याची नोंद जशी अनिवार्य मानली जाते, तशीच येथेही प्रत्येक पानासोबत दिनांक, वेळ, पत्त्याचा देश आणि उत्तरक्रमांक यांची नोंद हवी. पत्ता लपवण्यासाठीच केलेल्या संकलनात ही नोंद बहुधा राहतच नाही.

८. उचित उपयोग आणि सरळ वाट

याचा अर्थ अभ्यासकाने टॉर वर्ज्य मानावे असा नाही. एखादा मजकूर कोणत्या देशात रोखला जातो हे तपासणे, हा जेथे अभ्यासाचा विषयच आहे, तेथे निरनिराळ्या देशांतून मोजक्या विनंत्या पाठवणे योग्य ठरते. टॉर प्रोजेक्टमधून २०१२ मध्ये सुरू झालेला 'ऊनी' हा उपक्रम संकेतबंदीचे मोजमाप करतो. वाचनाची नोंद राहिल्यास अभ्यासकाला किंवा त्याच्या माहितीदाराला धोका संभवतो, अशा विषयांतही टॉर उपकारक आहे. या दोन्ही ठिकाणी विनंत्या थोड्या असतात आणि निनावीपणा कामाच्या हेतूतून आलेला असतो.

मोठ्या संकलनासाठी मात्र सरळ वाटा उपलब्ध आहेत. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा संपूर्ण मजकूर एकत्रित संचिकांच्या रूपाने उतरवून घेता येतो, त्यासाठी पानोपानी विनंती करण्याची गरज नाही. 'कॉमन क्रॉल' या संस्थेच्या खुल्या संग्रहात मराठी पानेही आहेत. इतर संकेतस्थळांच्या बाबतीत प्रथम त्यांची 'रोबोट्स' ही संचिका पाहावी. मार्टिन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवलेला हा संकेत २०२२ मध्ये औपचारिक प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला. आज्ञावलीने कोठे जाऊ नये हे त्यात सांगितलेले असते. त्यानंतर संपादकांना किंवा चालकांना पत्र लिहून अनुमती घ्यावी. भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या अनुमतीवाचून संगणकातील माहिती उतरवून घेणे नुकसानभरपाईस पात्र ठरू शकते, हेही विसरता कामा नये. विनंत्यांमध्ये काही सेकंदांचे अंतर ठेवावे, ४२९ हा क्रमांक आल्यास थांबावे आणि आज्ञावलीच्या परिचयपत्रात प्रकल्पाचे नाव व संपर्काचा ई-पत्ता स्पष्ट लिहावा.

हे शेवटचे पथ्य सर्वांत महत्त्वाचे आहे. परिचयपत्रातील ते नाव म्हणजे आज्ञावलीचे टोपणनावच होय. ते स्थिर असते, त्याच्याशी पत्रव्यवहार करता येतो आणि त्याच्या वर्तनाची पत त्याच्याच खाती जमा होते. संकेतस्थळाच्या चालकाला एखादी आज्ञावली नकोशी झाली, तर तो तेवढीच अडवू शकतो. तिच्यासोबत वसतिगृह, महाविद्यालय किंवा टॉरमधील अनोळखी वाचक अडवण्याचे त्याला कारण राहत नाही. वाचकाला निनावी राहण्याचा अधिकार आहे आणि तो जपण्यासाठीच हे जाळे उभे राहिले. त्या अधिकाराचा साठा मर्यादित आहे. आज्ञावली सुरू करण्यापूर्वी परिचयपत्रात आपले नाव घालणारा संशोधक तो साठा ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यासाठी राखून ठेवतो.